तोंडापुरते वर्तुळ

माझे नाक तिखट आहे. आईकडून तेवढेच आले, दागिना काही आला नाही. दूध नासायच्या आधी मला कळते. उशीची खोळ घरात कोणाची, ते मी डोळे मिटून सांगते. अशा नाकाच्या बाईने पोटासाठी काय करावे? तर किड्यांची उष्टी भांडी धुवावीत. आणि लग्न कोणाशी करावे? तर साखरेच्या पाकात बुडालेल्या माणसाशी. देवाला विनोद कळतो, पण तो नेहमी दुसऱ्याच्या अंगावर करतो.

मी कामाला होते त्या प्रयोगशाळेत किडे पाळत. किडे म्हणजे अळ्या नव्हेत. पांढऱ्या दोऱ्याचा बारीकसा तुकडा, कागदावरच्या स्वल्पविरामाएवढा. काचेच्या चपट्या, झाकणाच्या बशा असतात, त्यांना तिथे सगळे प्लेट म्हणतात. प्लेटमध्ये जेलीसारखा थर, थरावर जंतूंची साय. ती साय किडे खातात, तिच्यातच लोळतात, तिच्यातच घाण करतात आणि तिच्यातच पिल्ले घालतात. सगळा संसार एका ताटात. थर शिजवून प्लेटमध्ये ओतायचे काम माझे. काम संपले की त्याच प्लेटा किड्यांसकट वाफेच्या भल्यामोठ्या कुकरमध्ये शिजवायच्या आणि मग घासायच्या, तेही माझेच. त्या कुकरचे झाकण उघडल्यावर जो वास येतो त्याला अजून कोणी नाव ठेवलेले नाही. शिळे सूप आणि ओले मोजे एकत्र उकळले तर जवळपास जाल. मी तोंडाला पदर बांधून घासायची, आणि घरी येऊन हात धुवायची, आणि पुन्हा धुवायची.

घरी दुसरा वास. हे गोळ्यांच्या कारखान्यात पाक उकळायचे. कढईतून निघणाऱ्या बुडबुड्यांकडे बघून पाक कुठवर आला ते सांगायचे. बोट पाण्यात बुडवून उकळत्या पाकात घालायचे, दोन बोटांत तार ओढून बघायचे. बोटांची कातडी मेलेली, टाचेसारखी झालेली. कारखान्यात त्यांना पाकवाले म्हणत, पुढे गल्लीतही तेच नाव पडले. घामाला करपलेल्या साखरेचा वास. बनियन दोरीवर टाकले की मुंग्यांची रांग. शेजारणी म्हणत, "गोड नवरा मिळाला हो तुम्हाला." मी म्हणे, "चाटून बघा मग."

ते मला म्हणायचे शिसारीबाई. "आली बघा शिसारीबाई, किड्यांना आंघोळ घालून." एवढ्यावर आमचा संसार नीट चालला होता.

त्यांना कंपवात झाला तो बोटांपासून. अंगठा आणि शेजारचे बोट एकमेकांवर घासत राहायचे, जणू गोळी वळताहेत. पहिले काही महिने मला वाटले, सवय आहे, सुटत नाही. टीव्ही बघताना गोळ्या वळतात, बसमध्ये बसून गोळ्या वळतात. मग पाय अडू लागले. दारात आले की उंबऱ्यापाशी थांबायचे, कोणीतरी खिळे ठोकल्यासारखे. मग चेहऱ्यावरची रेघ हलेनाशी झाली. मग लाळ. हनुवटीवरून उतरून सदऱ्याच्या पहिल्या गुंडीवर थांबायची. मी पुसायची आणि पुसताना दुसरीकडे बघायची.

सगळ्यात वाईट ते जेवण. ताटातला घास तोंडाशी येईपर्यंत अर्धा अंगावर, पाव जमिनीवर, उरलेला गालाला. जेवून उठले की खुर्चीभोवती कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखे. रोज ते मी नाक दाबून पुसायची. आणि ह्यांचे वजन उतरत चालले होते. पॅन्ट दोरीने बांधायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, औषध देतोय, पण पोटात अन्न जायला हवं. हात चालत नसेल तर भरवा.

ह्यांनी मान हलवली. म्हणजे मान तशीही हलतच होती, पण हा नकार होता.

"मला कोणी भरवायचं नाही," घरी येऊन म्हणाले. "ज्या दिवशी तू मला भरवशील त्या दिवसापासून मला अहो म्हणू नकोस. बाळ म्हण."

"मग काय उपाशी मरणार?"

"हात आहे तोवर नाही."

लेकीने समजावून पाहिले. ती चपलांच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांच्या पायांशी बसते, त्यामुळे तिला माणसे पटवायची सवय आहे. "बाबा, लहानपणी तुम्ही मला भरवलं की नाही? आता फिटंफाट." हे म्हणाले, "तू थुंकायचीस. मीही थुंकेन." ती एकदा चमचा घेऊन बसलीच, आणि हे खरोखर थुंकले. भिंतीवर डाग अजून आहे.

खोटे कशाला सांगू, भरवायचे नाही म्हटल्यावर मला थोडे सुटल्यासारखेही झाले होते. ते ओले तोंड, तो उघडा जबडा, त्यात मी चमचा घालायचा. नको.

आमच्या प्रयोगशाळेत ज्या बाई मुख्य होत्या त्या किड्यांबद्दल असे बोलायच्या, जसे लोक नव्या जावयाबद्दल बोलतात. त्यांच्या किड्यांना एक रोग मुद्दाम दिलेला होता. माणूस म्हातारा झाला की अंगातली काही प्रथिने नीट घडी न बसता गोळा होतात, गाठी धरतात. तसले एक माणसाचे प्रथिन त्यांनी किड्यांच्या स्नायूंत आणून बसवले होते. किडा म्हातारा होऊ लागला की गाठी वाढत, आणि मग त्याचे अंग ताठ होई.

"मावशी, या, बघा तर खरं," असे म्हणून त्यांनी एकदा मला मायक्रोस्कोपपाशी बसवले. मी बघितले. किडा काठीसारखा पडला होता. हलत होते ते फक्त डोके. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. डोके जिथवर पोचत होते तिथवरची साय त्याने चाटून लख्ख केली होती. तोंडाभोवती स्वच्छ गोल. गोलाबाहेर साय अशी दाट की त्याच्यासारखी शंभर तोंडे जेवतील, पण त्याला तिथवर सरकता येत नव्हते.

"ह्या गोलावरनं आम्ही ओळखतो की अंग गेलं," बाई म्हणाल्या. "छान दिसतो ना?"

मी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

त्यानंतर बाईंनी साखरेचे काम काढले. थरात ग्लुकोज घालायचे आणि किड्यांचे काय होते ते बघायचे. माझ्या दृष्टीने घाणीवर घाण. साखरेच्या प्लेटमधली साय जास्त दाट होई, शेंबडासारखी, धुताना बोटांना लोंबायची. पण एक दिवस बाई खुशीत होत्या. साखरेवरचे किडे उशिरा ताठत होते. बिनसाखरेचे आडवे झाले तरी साखरेचे वळवळत होते.

"म्हणजे साखर चांगली?" मी विचारले.

"तसं नाही ना. मरतात मात्र लवकर. साखर आयुष्य कमी करते आणि ताठणं पुढे ढकलते. दोन्ही एकाच वेळी. म्हणून तर मजा आहे."

मजा! मी मनात म्हटले, तुमची मजा मी उद्या घासणार आहे.

दिवसभरात काय झाले ते रात्रीच्या जेवणाला सांगायची माझी जुनी सवय. हे ऐकतात न ऐकतात, पण सांगितले की माझ्या डोक्यातून वास जातो. त्या दिवशीही सांगितले. गाठी कशा होतात, ते डॉक्टर ह्यांच्या मेंदूबद्दल बोलले होते त्यातलेच काहीसे कसे आहे, साखरेवरचे किडे उशिरा ताठतात पण लवकर मरतात, सगळे. ह्यांचा हात ताटावर थांबला. चमच्यातले सांडले तरी लक्ष नव्हते.

"म्हणजे पाक साखरतो तसं," ते म्हणाले.

"काय?"

"अगं, पाक. कढई चांगली उकळतेय, पाक काचेसारखा आहे. कढईच्या कडेला एक कण राहिला, फक्त एक. तो आत पडला की त्याला दुसरा धरतो, दुसऱ्याला तिसरा. बघता बघता अख्खी कढई रवाळ. दगड होतो. मग टाकून द्यायची." बऱ्याच दिवसांनी ते इतके बोलले होते. चेहरा हलत नव्हता, पण डोळे चमकत होते. "तसंच झालंय माझ्या डोक्यात. एक कण पडला."

"असेल. जेवा."

"आणि त्यावर इलाज काय असतो?"

"मला काय माहीत, मी काय गोळ्या करते?"

"ग्लुकोज!" त्यांनी चमचा ताटावर आपटला. "पाक साखरू नये म्हणून आम्ही काय घालतो? ग्लुकोज. घट्ट, डब्यातलं. ते असलं की कणाला कण धरता येत नाही. आणि तुझ्या बाई तरी काय घालतात? ग्लुकोजच! आयुष्य गेलं माझं ते घालण्यात, आणि स्वतःच्या डोक्यात घालायचं सुचलं नाही."

"अहो, मरतात लवकर असंही म्हणाल्या त्या."

"मरायचं काय, सगळेच मरतात," ते म्हणाले, आणि आजारपणात पहिल्यांदाच हसले. लाळ सुटली.

मी ते बोलणे तिथेच सोडले. म्हाताऱ्या माणसाला रिकाम्या वेळात काहीही सुचते. पण पुढच्या आठवड्यात माझे नाक बोलू लागले. खोलीत जुना वास आला, तरुणपणचा. कढईचा. मला वाटले, जुने कपडे काढलेत का कोणी? मग त्यांच्या उशीवर मुंगी. मग दोन. मग पलंगाच्या पायापासून खिडकीपर्यंत काळी सुतळी ओढल्यासारखी रांग. हनुवटीवरची लाळ पुसायला गेले तर फडके तिथेच अडकले. ओढले तर कातडी त्याच्याबरोबर आली.

"हे काय लागलंय तुम्हाला?"

"लाळ."

"लाळ चिकटते होय इतकी?"

"म्हाताऱ्याची आहे. जुनी झाली."

दुसऱ्या दिवशी दुपारी काम लवकर आटोपले. घरी आले तर दारात बुटक्याच्या चपला. बुटक्या म्हणजे ह्यांच्या कारखान्यातला जुना सोबती, गोळ्या कागदात गुंडाळायच्या खात्यातला. नावाला बुटका आणि अंगानेही तसाच, पण हसणे सात मजली. त्याचे हसणे बाहेर ऐकू आले आणि माझ्या पायांचा आवाज होताच थांबले. तेव्हाच मला शंका आली.

हे पलंगाच्या कडेला बसले होते. मांडीवर कारखान्यातला पत्र्याचा डबा, कोपरापर्यंत हात आत जाईल एवढा. आत ग्लुकोज. ज्यांनी ते बघितले नाही त्यांना सांगते: पाण्यासारखे पारदर्शक आणि सर्दीसारखे घट्ट. ह्यांची दोन बोटे त्यात बुडालेली. त्यांनी ती वर काढली, आणि डब्यापासून ओठांपर्यंत तार ओढली गेली. ती तार तुटेना. ओठांवरून हनुवटीवर, हनुवटीवरून सदऱ्यावर, तिथून मांडीवर. त्यांनी बोटे चोखली. चोखण्याचा आवाज झाला. डब्याच्या आतल्या बाजूला मुंग्या अडकून मेल्या होत्या, आणि एक माशी अजून पाय हलवत होती.

मला ओकारी आली. मोरीपर्यंत गेले, तोंड धुतले, परत आले.

"वहिनी, मी सांगत होतो," बुटक्या म्हणाला. "चमच्याने घ्या म्हणालो."

"तुम्ही गप्प बसा! चमच्याने म्हणे. तुम्ही आणलंत हे?"

"त्याने सांगितलं डॉक्टरांनी दिलंय."

"कोणत्या डॉक्टरांनी?"

बुटक्याने ह्यांच्याकडे बघितले. हे म्हणाले, "किड्यांच्या."

बुटक्याला हसू आवरेना. मी त्याच्याकडे असे बघितले की त्याने चपला पायात न घालता हातातच घेतल्या.

"थांब," हे म्हणाले. "तिलाही दाखव. बघ गं. बघ माझा हात." आणि त्यांनी डब्याच्या काठावर ठेवलेला डावा हात दाखवला. हात खरेच थांबला होता. बोटे वळत नव्हती. "बघितलंस? दहा दिवसांत थांबला!"

मी जवळ जाऊन तो हात उचलला. डबाही त्याच्याबरोबर उचलला गेला. हात डब्याला चिकटला होता. मी ओढून सोडवला, आणि सुटल्याबरोबर अंगठा आणि बोट पुन्हा गोळी वळू लागले.

बुटक्या हळूच निघून गेला.

मी डबा उचलायला लागले तर त्यांनी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला. एवढे बळ अंगात आहे हे मला ठाऊक नव्हते. संध्याकाळी लेक आली. तिने आधी पाय बघितले, तिचे डोळे तिथेच जातात. मोज्याच्या आत टाचेला जखम होती, पिकलेली, आणि मोजा जखमेला चिकटलेला. मोजा सोडवला तेव्हा त्यात मुंग्या निघाल्या. लेक दुकानात हजार लोकांचे पाय हातात घेते, पण तिनेही मान वळवली.

"बाबा, हे कधीपासून?"

"दुखत नाही."

"दुखत नाही म्हणून विचारतेय!"

डॉक्टरांनी रक्त तपासले. साखर इतकी वर गेली होती की त्यांनी यंत्र बदलून पुन्हा बघितले. म्हणाले, हे बंद करा, नाहीतर आधी पाय जाईल आणि मग माणूस. ह्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. घरी आल्यावर म्हणाले, "मरेन. पण ताठणार नाही."

"अहो, पण तुम्ही ताठताच आहात! हात थांबला तो चिकटून."

"वेळ लागतो. मंद आचेवर ठेवावं लागतं."

"कढई नाहीये तुमचं डोकं!"

"तुला काय कळतं पाकातलं?"

आता ह्याला काय म्हणावे? डबा लपवला तर बुटक्या नसला तरी दुसरा कोणी आणून देणार. सगळ्या कारखान्याला ह्यांचे कौतुक. कुलूप किती गोष्टींना लावणार? आणि जेवण तर तसेच जमिनीवर. पोटात काय ते एवढे ग्लुकोजच जात होते.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सगळे सांगितले. सांगताना लाज वाटली, कारण त्यांची गंमत होईल असे वाटले. पण बाई हसल्या नाहीत. कपाळाला हात लावून बसल्या.

"घेऊन या त्यांना," म्हणाल्या. "मी बोलून उपयोग नाही. बघू देत."

लेकीने आणि मी मिळून त्यांना आणले. जिना चढताना प्रत्येक पायरीशी थांबले. प्रयोगशाळेच्या दाराशी तर पायांना मुळेच फुटली, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, उंबरा नाहीये इथे, सपाट आहे." तरी पाय उचलून पलीकडे टाकला. डबा बरोबर आणला होता, पिशवीत. मायक्रोस्कोपपाशी बसवले तर डोके हलून कपाळ त्याच्यावर आपटायला लागले. बाईंनी मागून दोन्ही हातांनी त्यांचे डोके धरले. केसांना हात लावताना त्यांनाही चिकट लागले असणार, पण त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवले नाही. मी दाखवले असते.

"आधी साखरेची दाखवते," बाई म्हणाल्या.

हे बराच वेळ बघत राहिले. "हलताहेत," म्हणाले. आवाजात जीत होती.

"हलताहेत. पण किती आहेत?"

"थोडे आहेत."

"सुरुवातीला ह्या दुसऱ्या प्लेटइतकेच होते. बाकीचे मेले. मेलेले आम्ही उचलून बाहेर काढतो, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत. नीट बघा, जे हलताहेत त्यांचं अंग कसं झालंय."

त्यांनी बघितले. मीही नंतर बघितले. अंगे सुरकुतलेली, आतून काळपट, भिजलेल्या वातीसारखी. एकीच्या पोटातच पिल्ले फुटली होती आणि आतून तिला खात होती. ती हलत होती ती स्वतः की आतली पिल्ले, हे मला सांगता आले नसते.

"ही...?" ह्यांनी विचारले.

"हो. तसंही होतं."

"शी," हे म्हणाले. लग्नाला इतकी वर्षे झाली, ह्यांच्या तोंडून मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

"आणि हे पाकासारखं नाहीये, काका," बाई म्हणाल्या. "पाकात ग्लुकोज कणांच्या मध्ये जाऊन बसतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. इथे तसं नाही. साखर खाल्ली की किड्याच्या अंगातली दुसरीच कामं सुरू होतात, काही बंद पडतात, त्यातून कुठेतरी गाठी कमी होत असाव्यात. नक्की कशामुळे ते मलाही अजून कळलेलं नाही. आणि हा किडा आहे. तुम्ही माणूस आहात. ह्याला हाड नाही, रक्त नाही. ह्याचं तुम्हाला लावायचं नाही."

"मग तुम्ही कशाला बघता?"

"कळावं म्हणून. खायला घालावं म्हणून नाही."

ह्यांनी हनुवटी बाहीला पुसली. मग म्हणाले, "दुसरी दाखवा."

बाईंनी बिनसाखरेची प्लेट ठेवली. मला माहीत होते ते काय बघणार. काठ्या. हलणारी डोकी. तोंडापुरती वर्तुळे.

ह्यांचे बघणे संपेना. बोटे मांडीवर गोळ्या वळत होती.

"ह्याच्या तोंडाभोवती साफ का आहे?" त्यांनी विचारले.

बाईंनी सांगितले.

"पुढे तर इतकं पडलंय."

"त्याला जाता येत नाही. पोचतं तेवढं खातो."

"ते संपल्यावर?"

"उपाशी मरतो."

"भरल्या ताटात?"

"भरल्या ताटात."

"तुम्ही सरकवत नाही त्याच्यापुढे?"

"नाही काका. सरकवलं तर मोजणी बिघडते."

"सरकवलं तर खाईल?"

बाईंनी माझ्याकडे बघितले. ही प्लेट नाहीतरी माझ्या कुकरमध्येच जायची होती. त्यांनी टोकाला केसाएवढी तार असलेली काडी घेतली, ज्योतीत धरून लाल केली, निवू दिली, आणि एका ताठ किड्याला खालून उचलून दाट सायीत नेऊन ठेवले. हे पुन्हा वाकले. बाईंनी पुन्हा डोके धरले. काही क्षण गेले.

"खातोय," हे म्हणाले. आणि मग, जसे कोणी दुसऱ्याच्या घरच्या पोराबद्दल बोलते, "खातोय की लेकाचा. लाज ना शरम."

येताना पिशवी त्यांनी तिथेच विसरल्यासारखी सोडली. मी आठवण केली नाही. डबा दुसऱ्या दिवशी मीच बाहेर काढला; तळाला पंधरवड्याची मुंग्यामाश्यांची वस्ती होती. घासायलाही हात लावला नाही, तसाच कचऱ्यात टाकला. आयुष्यात न घासता टाकलेले ते माझे एकच भांडे.

प्रयोगशाळेतून आलो त्याच संध्याकाळी मी नेहमीसारखे ताट वाढले. मऊ भात, वर डाळ. त्यांनी चमचा घेतला. पहिला घास गुडघ्यावर, दुसरा जमिनीवर. तिसऱ्याला त्यांनी चमचा खाली ठेवला.

"ताट जवळ कर," म्हणाले.

मी सरकवले.

"अजून जवळ."

मी ताट उचलून छातीशी धरले. त्यांनी हात उचलला, हात अर्ध्या वाटेत गोळ्या वळू लागला.

"अजून जवळ."

"आता तोंडातच घालायचं राहिलंय."

"मग घाल की."

मी त्यांच्याकडे बघितले. चेहरा हलत नव्हता. नेहमीसारखा ताठ.

"बाळ म्हणायचं का?" मी विचारले.

"म्हणून बघ. थुंकेन."

मी चमचा भरला. त्यांनी तोंड उघडले. आत पिवळे दात, जिभेवर पांढरा थर, दाढेत सकाळचे काहीतरी अडकलेले. वास आला, मला येणारच. मी घास आत घातला. त्यांनी गिळला, थोडा हनुवटीवरून परत आला. मी तो चमच्याच्या कडेने वर उचलून पुन्हा आत घातला.

"तोंड कशाला वाकडं करतेस?" ते म्हणाले.

"वास येतो."

"मग दुसरीकडे बघून भरव."

"दुसरीकडे बघितलं तर कानात जाईल," मी म्हणाले, आणि पुढचा घास उचलला.